दिगंबर प्लंबर हात घालत नाही

सांडपाण्याचं नियोजन कसं करावं, या विषयावर मी आजवर तालुक्यातल्या बऱ्याच गावांत भाषण केलेलं आहे, आणि मागच्या उन्हाळ्यात माझ्या स्वतःच्या न्हाणीत चार दिवस घोट्याएवढं पाणी उभं होतं.

(भाषण चांगलं असतं. सोबत एक रंगीत तक्ताही असतो.)

मी तालुक्याच्या कचेरीत पाणी आणि स्वच्छतेच्या टेबलावर बसतो. गावोगाव जाऊन लोकांना शोषखड्डा समजावून सांगायचा, हे माझं काम. राहायला डोंगरकड्यात. वडिलांनी बांधलेलं सिमेंटचं घर आहे, त्याचे दोन वर्षांपूर्वी दोन भाग झाले. एका भागात मी, माझी बायको सुमन आणि माय. दुसऱ्या भागात माझा थोरला भाऊ आणि वैनी. दादा हायस्कूलला भूगोल शिकवतो. वाटणी तशी गोडीगुलाबीनं झाली. भांडण झालं ते अंगणातल्या भिंतीवरून.

दादा म्हणाला, भिंत लिंबाच्या झाडाच्या रेषेत घालू. मी म्हणालो, हातभर तुझ्याकडं सरकव.

"हातभर काहून?"

"काहून म्हणजे? माझ्या हक्काचा हाय म्हणून!"

भिंत माझ्या म्हणण्याप्रमाणे झाली आणि दादाचं नि माझं बोलणं बंद झालं. अगदीच बंद, असंही नाही. दादा त्याच्या अंगणात उभा राहून लिंबाच्या झाडाला सांगायचा, "काही लोकांला फटफटी नीट लावायची बी अक्कल न्हाई." मग मी माझ्या अंगणातून त्याच झाडाला सांगायचो, "काही लोकांला लोकाच्या फटफटीशिवाय दुसरा अभ्यास न्हाई." झाड दोघांचंही ऐकून घ्यायचं. आमच्या बायकांचं मात्र भिंतीवरून व्यवस्थित चालू होतं. भाजीची वाटी इकडून तिकडं, लोणच्याची तिकडून इकडं. त्याकडे आम्ही दोघं भाऊ मोठ्या मनानं दुर्लक्ष करायचो आणि लोणचं खायचो.

तर गुरुवारी सकाळी मी आंघोळ करत होतो. तिसरा तांब्या अंगावर घेतला तेव्हा पाय बुडाले. पाचव्याला घोटे बुडाले.

"अहो," सुमन दाराबाहेरून म्हणाली, "पाणी जाऊन न्हाई राहिलं का?"

"जाईल."

"कवा?"

"पाण्याचा गुणधर्मच हाय तसा. ते उताराकडं जातं."

"मग उताराला कळवा तसं!"

मी जाळी काढली, काडी घालून पाहिली, लाकडी रवी घालून पाहिली (ती रवी सुमननं नंतर माझ्यासमोर चुलीत घातली). पाणी जागचं हललं नाही. शेवटी दिगंबरला बोलावलं.

दिगंबर प्लंबर म्हणजे आमच्या भागातलं मोठं नाव. तो कधीही हत्यारं घेऊन येत नाही. कानावर पेन्सिल असते आणि ती कशासाठी असते हे कुणी पाहिलेलं नाही. तो न्हाणीच्या दारात उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि खाटेवरच्या पेशंटकडे बघावं तसा पाण्याकडे बघत राहिला. वाकला नाही. हात तर घातलाच नाही.

"तकलीफ जुनी हाय," तो म्हणाला.

"आजच झालीय."

"दिसली आज. हाय जुनी. आत तेलकट थर बसला आसंल. धा बादल्या उकळतं पाणी वता, येका दमात. थर पाघळतो अन् बराबर निघून जातो."

आता मी सांडपाण्यावर भाषणं देणारा माणूस. मला शंका यायला हवी होती. पण दिगंबरच्या आवाजात असा काही ठामपणा असतो, की समोरच्या माणसाचं शिक्षण आपोआप कमी होतं. अंगणात तीन दगडांची चूल मांडली. हंडे चढले. धूर झाला. माय ओट्यावरून म्हणाली, "बाळू, लगीन कोणाचं हाय रं?"

दहा बादल्या एका दमात ओतल्या. आधी पाणी घोट्याएवढं होतं आणि गार होतं. आता ते पोटरीएवढं झालं आणि त्यातून वाफा निघू लागल्या. भिंतीपलीकडून दादा काहीतरी ओरडल्याचा आवाज आला, पण मी लक्ष दिलं नाही. लक्ष न द्यायची मला दोन वर्षांची सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमननं मला न्हाणीपाशी बोलावलं. "हे बघा. काल रातच्याला पाणी भिंतीवरच्या या फरशीपर्यंत व्हतं. आपुन थेंब टाकला न्हाई, तरी चार बोटं वाढलं. कसं?"

"जमिनीखालचा दाब असतो," मी म्हणालो.

"अन् हा फेस?"

"दाबामुळं फेस येतो."

ती वाकली, वास घेतला. "हा तर चंदनाच्या साबणाचा वास हाय. आपल्या घरी लिंबाचा साबण."

"रासायनिक प्रक्रिया," मी म्हणालो.

सुमननं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिला पटलं, असं मी समजलो.

खरा पेच आंघोळीचा होता. माय म्हणाली, "मी थोरल्याकडं जाऊन दोन तांबे घेऊन येते."

"अजिबात न्हाई!" मी म्हणालो. "माझी माय आंघोळीसाठी दुसऱ्याच्या दारात जाणार न्हाई."

"दुसऱ्याच्या?" माय म्हणाली. "त्याला बी म्याच जलम देला की रं."

पण मी हटलो नाही. आपली न्हाणी तुंबली हे दादाला कळणं म्हणजे मग दोन वर्षांचा अबोला वायाच गेला! अंगणात कोपऱ्याला ताडपत्री बांधली आणि त्याआड मी आंघोळ सुरू केली. पहिल्याच दिवशी वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोक सुटलं. नेमके त्याच वेळी रस्त्यानं गावातले चार जण जात होते. त्यातल्या एकानं तिथूनच विचारलं, "सायब, आमच्या नालीच्या अर्जाचं काय झालं?" अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत मी त्याला "प्रस्ताव वर पाठवलाय" असं सांगितलं. सरकारी नोकरीत हे वाक्य कुठल्याही अवस्थेत सांगता येतं.

दिगंबरला फोन केला. तो फोनवरच म्हणाला, "मग थर न्हाई तो. कचरा हाय. दोन बाटल्या ॲसिड सोडा. नाकाला रुमाल बांधा अन् दार लावून घ्या."

"ठीक हाय."

"बाहेरून लावा सायब. आतून न्हाई!"

सोडलं. पांढरा धूर निघाला, जाळी काळी पडली, फरशीवरची फुलं गेली आणि आम्ही तिघं अंगणात येऊन खोकू लागलो. तेवढ्यात भिंतीपलीकडून दादा आणि वैनीही खोकू लागले. मला राग आला. मी लिंबाच्या झाडाला मोठ्यानं सांगितलं, "काही लोक लोकाच्या खोकल्याची बी नक्कल करतेत!" पलीकडून दादाला उत्तर द्यायचं होतं बहुतेक, पण त्याला खोकल्यातून सवड मिळाली नाही.

शनिवारी दिगंबर स्वतः आला आणि पुन्हा हात पाठीमागं बांधून दारात उभा राहिला. "आता तार. फटफटीची क्लचवायर काढा, तिला पुढं बांधायची तार जोडा, आत सारा अन् गोल फिरवा."

"कोणाच्या फटफटीची?"

"तुमच्याच की! लोकाची कशाला?"

म्हणजे माझ्या फटफटीची क्लचवायर माझ्याच हातानं निघाली. तार आत सारली. चांगली लांब गेली. कशाला तरी अडकली. मी ओढली. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण आतून कुणीतरी तार परत ओढली!

मी किंचाळलो. "दिगंबर! आत काहीतरी जित्तं हाय!"

"मासा आसंल," दिगंबर शांतपणे म्हणाला.

"न्हाणीच्या पाईपात?"

"तीन दिवस पाणी उभं हाय सायब. काई बी होऊ शकते."

मी दोन्ही पाय उंबऱ्याला लावून जोर केला. आतून त्याहून जास्त जोर झाला. तार हातातून सुटली आणि सळसळत पाईपात गेली. मी पाण्यात बसलो. आता न्हाणी तुंबलेली होती, फटफटी बंद होती आणि माझ्या पाईपात माझ्यापेक्षा ताकदवान मासा होता.

"राह्यला येकच इलाज," दिगंबर म्हणाला. "दाब. फवारणीचा पंप लावा."

सुमनचा भाऊ दत्ता कुरुंद्याला हळद करतो. त्याच्याकडे फवारणीचा इंजिनवाला पंप आहे, ज्याची धार हळदीच्या या कडेवरून त्या कडेला जाते. रविवारी सकाळी दत्ता पंप गाडीत टाकून आला. "दाजी, ह्यानं एकदा माझ्या गोठ्याचं पत्रं उडालं व्हतं," त्यानं कौतुकानं सांगितलं. मला ते आश्वासन वाटलं.

नळी पाईपात घातली. भोवती पोतं कोंबलं. पोत्यावर मी उभा राहिलो. दिगंबर फाटकापाशी गेला. "मी इथून आवाज ऐकतो," तो म्हणाला.

"चालू कर!" मी ओरडलो.

इंजिन धडधडलं. पायाखालचं पोतं थरथरलं. पाईपात कुठंतरी गडगडाट झाला, भिंतीतून सरकत गेला, आणि दोन-चार क्षणांतच न्हाणीतलं पाणी उतरू लागलं! चार दिवसांनी मला माझी फरशी दिसली. "गेलं! गेलं!" मी पोत्यावर नाचू लागलो. सुमन मात्र नाचत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती.

पलीकडं एक आवाज झाला. आधी "फट्", मग पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा "धडाम", आणि मग:

"अय्यो मेलोऽऽऽ!"

दत्तानं पंप बंद केला. अर्ध्या मिनिटात फाटकातून दादा आत आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. कमरेला टॉवेल, डोक्यापासून नखापर्यंत काळं पाणी, डोक्यावर केसांचा एक गुंता (त्याचा नव्हे, पाईपातला) आणि हातात तुटका बांबू.

"बाळ्या!" दादा ओरडला. "काय करून राहिला तू?"

दोन वर्षांनंतर भावाच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

"पाईप मोकळा करून राहिलो," मी म्हणालो.

"माझ्या अंगावर?"

"तू काहून न्हाणीत उभा व्हता?"

"मी बी पाईपच मोकळा करून राहिलो व्हतो!"

मी हळूच विचारलं, "म्हणजे तुझी बी तुंबली?"

"गुरुवारपासून. धा बादल्या उकळतं पाणी वतलं. ॲसिड सोडलं. काल बांबू घातला तर त्याला कायतरी तारेवानी गुंतलं, अन् आतून ओढाय लागलं. म्या बी सोडलं न्हाई!"

तर तो मासा भूगोल शिकवत होता.

"तुला बांबू घालाय कोण सांगितलं?" मी विचारलं.

"तुला तार घालाय कोण सांगितलं?"

आम्ही दोघांनी एकदमच फाटकाकडे पाहिलं. दिगंबर गाडीला किक मारत होता. ती नेमकी लागत नव्हती.

"दिगंबर!" दादा गरजला. "तू चार दिवस त्याच्याकडं बी येत व्हता अन् माझ्याकडं बी? अन् येका शब्दानं बोलला न्हाई?"

दिगंबरनं शांतपणे कानावरची पेन्सिल सरळ केली. "गुरुजी, डागदर येका पेशंटचा आजार दुसऱ्याला सांगत असतो का?"

म्हणजे चार दिवस मी माझं पाणी दादाकडे ढकलत होतो, दादा त्याचं माझ्याकडे ढकलत होता, आणि दोघांनाही एकच माणूस, सारख्याच तळमळीनं, मार्गदर्शन करत होता!

तोवर वैनीही आली होती. ती आणि सुमन शेजारी उभ्या राहून पदर तोंडाला लावत होत्या. मला संशय आला.

"तुमाला म्हायत व्हतं?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं," सुमन म्हणाली. "चंदनाचा साबण वैनीच वापरतेत."

"मग सांगितलं न्हाई काहून?"

"तुमी म्हणले, रासायनिक प्रक्रिया हाय. म्या म्हणलं आसंल."

"अन् तुमच्या आंघोळी?" दादानं विचारलं.

"आमी दोघी मायला घेऊन रोज सकाळी मळ्यातल्या बोअरवर जाऊन येतो," वैनी म्हणाली. "गार पाणी, मोकळी हवा. तुमचं दोघांचं चालू द्या म्हणलं संशोधन."

मायनं ओट्यावरून मान हलवली. तिचे केस खरोखरच स्वच्छ धुतलेले होते. घरातल्या पाच माणसांपैकी फक्त दोन माणसं घाण होती, आणि दोघंही पगारी नोकर.

दादा एकदम शिक्षक झाला. त्यानं तुटक्या बांबूनं जमिनीवर नकाशा काढला. "ही तुझी नदी. ही माझी नदी. दोन्ही न्हाण्या पाठीला पाठ. म्हणजे संगम कुठंतरी अंगणात पायजे, अन् तुंबलं ते संगमाच्या खाली. घर बांधताना बापूनं तिथं चेंबर बांधलं व्हतं. झाकणावर आपुन गोट्या खेळायचो, आठवतं?"

मला आठवत होतं. लिंबापासून एक पाऊल. दादा एक पाऊल चालला आणि थांबला. त्याचं नाक भिंतीला लागलं.

चेंबर भिंतीखाली होतं. बरोबर भिंतीखाली. भिंत हातभर अलीकडं असती, म्हणजे दादाच्या रेषेत, तर झाकण उघड्यावर राहिलं असतं. मी दादाकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल, निदान लिंबाच्या झाडाला तरी सांगेल, म्हणून वाट पाहिली. तो कपाळावरचं काळं पाणी मनगटानं पुसत राहिला. त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. दोन वर्षांत कधी झाले, मला कळलं नव्हतं. माझ्या बाजूनं फक्त विटा दिसत होत्या. मी माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून त्याला दिला. त्यानं तो घेतला.

"पहार आण रे दत्ता," मी म्हणालो. "पहिला घाव तू घाल, दादा."

"तुझी भिंत हाय. तूच घाल."

बुडाच्या चार विटा काढायच्या, एवढाच बेत होता. मी पहार घातली. चार विटा निघाल्या, मागोमाग त्यांच्या डोक्यावरच्या सगळ्या विटा रांगेनं खाली आल्या. (गवंड्यानं सिमेंट दुसरीकडं कुठं वापरलं, देव जाणे.) धूळ बसली तेव्हा भिंतीत वरपासून खालपर्यंत एक उभी फट पडली होती आणि तिच्या तळाशी चेंबरचं झाकण होतं.

झाकण उचललं. भिंत बांधताना गवंड्यानं आपला सगळा संसार त्यात ढकलला होता. सिमेंटची रिकामी गोणी, अर्धी वीट, घट्ट झालेला वाळू-सिमेंटच्या मालाचा गोळा. त्यावर दोन वर्षांचा गाळ. आणि सगळ्यात वर, दादाच्या बांबूच्या मोडून राहिलेल्या टोकाला प्रेमानं गुंडाळलेली माझी क्लचवायर.

"घाल दिगंबर, हात घाल," दादा म्हणाला.

"माझ्या हाताला इसब हाय, गुरुजी."

मग आम्ही दोघं भाऊ चेंबरच्या दोन बाजूंना पालथे झोपलो आणि खांद्यापर्यंत हात घातले. "तू गोणी धर, मी गोळा धरतो." "अरे माझं बोट हाय ते, गोळा न्हाई!" "ओढ!" "तू ओढ!" असं बराच वेळ चाललं. शेवटी गोळा सुटला, आणि पाईपाच्या पोटातून एक आवाज आला. "घळ्ळ्ळ्." मग लांबवर जाणारी खळखळ. दोन्ही घरांतली माणसं जागच्या जागी उभी राहून ती ऐकत होती. गाणं ऐकावं तशी.

"गेलं रे बाळू," दादा म्हणाला.

"गेलं दादा."

आम्ही एकमेकांना मिठी मारली. बायका हेलावल्या होत्या, पण जवळ यायला त्यांनी साफ नकार दिला.

"म्या म्हणलोच व्हतो," फाटकातून दिगंबर म्हणाला, "दाब पायजे!" आणि जाता जाता भिंतीकडे बोट करून सल्ला दिला, "ती फट बुजवू नका. परत लागंल." चार दिवसांत त्याचा हा एवढाच सल्ला बरोबर निघाला, आणि तोही त्यानं गाडीवर बसून दिला.

फट बुजवली नाही. माय दुसऱ्याच दिवशी तिच्यातून तिरपी होऊन थोरल्याकडं चहाला गेली आणि इकडं येऊन पुन्हा प्याली. भाज्यांच्या वाट्या वरून जायच्या बंद झाल्या, मधून जाऊ लागल्या. संध्याकाळी दादा पेपर घेऊन मधूनच आला. काडीसारखा माणूस, अलगद आला.

पुढच्या रविवारी वैनीनं धपाट्यांचं आवतन दिलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. फाटकाकडून वळसा कशाला घालायचा, सख्ख्या भावाच्या घरी तर जायचंय, असं म्हणून मी फटीत शिरलो. डोकं गेलं. एक खांदा गेला. मग मी श्वास आत ओढून पोट घातलं, आणि तिथं श्वास सोडला.

पुढं जाता येईना. मागं येता येईना. दादा ओट्यावर धपाटा हातात घेऊन बसला होता. तो उठला, चष्मा लावला, हात पाठीमागं बांधून माझ्यासमोर उभा राहिला आणि वैनीला हाक मारली, "अगं ये, बाहेर ये! पुन्हा चोकअप झालं!"

सुमननं मागून ढकललं, दादानं पुढून ओढलं. शर्टाची तीन बटणं गेली, मी निघालो. धपाटे खाताना मी सगळ्यांसमोर ठराव मांडला, की भिंत आणखी थोडी पाडून तिथं चांगलं दार करावं. दादानं लगेच हात वर केला. वैनीनं केला. सुमनही करणार होती.

पण माय म्हणाली, "भिंतीला हात लावायचा न्हाई. ती बराबर हाय. बाळूला कमी करा."

आमच्या घरात मायचं कुणी मोडत नाही. तेव्हापासून मी एकच वेळ जेवतोय.